भरवशाचे आमिष: मासा त्याला फसतो की आपणच?

निवांतकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षे मी गोड्या पाण्यात गळाने मासे धरतो आहे. परवा डबा साफ करायला घेतला तेव्हा लक्षात आले की, हौसेने जमवलेल्या चाळीसेक कृत्रिम आमिषांपैकी निम्म्याहून अधिक आजवर ओलीसुद्धा झालेली नाहीत. पुन्हा पुन्हा दोरीला लागते ते एकच: पेन्सिलीच्या जाडीचा तपकिरी रबरी किडा, ज्याच्या शेपटीचा शेंडा माशांनी केव्हाच तोडून नेला आहे आणि ज्याच्या डोक्यात गळ इतक्या वेळा खुपसला गेला आहे की तिथले भोक सैल पडले आहे. पाकिटात नवे किडे असतानाही मी तो जुनाच लावतो, आणि का लावतो असे कोणी विचारले तर 'याला मासा लागतो' यापलीकडे माझ्याकडे उत्तर नसते.

मागच्या आठवड्यात माझ्या सोबत्याने त्याच पाकिटातला, त्याच रंगाचा किडा माझ्याकडून मागून घेतला आणि माझ्यापासून दहा पावलांवर उभा राहून तासभर फेकला. त्याला एकही मासा लागला नाही आणि तेवढ्या वेळात मला तीन लागले. मग त्याने मला त्याचा आवडता चंदेरी स्पिनर (ओढताना पाते गरगर फिरणारे धातूचे आमिष) दिला, ज्यावर माझे पहिल्यापासून मन बसलेले नाही. अर्धा तास मी तो ओढत राहिलो आणि हाती काही आले नाही. त्याने तो परत घेतला आणि दुसऱ्याच फेकीला चांगला मनगटाएवढा मासा काढला. 'तुझा त्याच्यावर विश्वास नाही, म्हणून मासाही येत नाही', असे तो म्हणाला, आणि ते ऐकून मी हसलो खरा, पण परतताना वाटभर तेच डोक्यात घोळत राहिले.

आमिषावरचा भरवसा मासे मिळण्याच्या कामी खरोखर येतो का, आणि येत असेल तर तो नेमका कोणत्या वाटेने येतो, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय पाणी, ऋतू आणि प्रकाश एक सांगत असताना मन दुसऱ्याच आमिषाकडे धावत असेल, तर कोणाचे ऐकावे, याबद्दलही अनुभवी मंडळींनी लिहावे अशी विनंती आहे.

पार्श्वरेषा

आपल्या सोबत्याने पाहिले ते बरोबर आहे. त्याने लावलेले कारण मात्र अर्धवट आहे, आणि उरलेले अर्धे आपल्या मनगटात सापडेल असे मला वाटते.

माशापर्यंत काय पोहोचते ते आधी पाहू. त्याच्या दोन्ही कुशींवरून जाणारी पार्श्वरेषा पाण्यातल्या मंद कंपनांची आणि हालचालींची जाणीव करून देते, पण ती जवळच्याच, साधारण एक-दोन शरीरलांबींच्या अंतरातल्या. गंध त्याहून दूरवरून येतो, मात्र तो पाण्याच्या ओघाबरोबर येतो, त्यामुळे ओघाच्या वरच्या अंगाला असलेल्या माशाला आपल्या सुगंधी आमिषाचा पत्ताही लागत नाही. कॅटफिशसारख्या माशांना तर मिशांवरच काय, सबंध अंगावर चवीच्या कळ्या असतात. चॅनेल कॅटफिशच्या अंगावर त्यांची संख्या लाखाहून अधिक भरते आणि काही अमिनो आम्ले अत्यल्प प्रमाणात असली तरी त्याला ती ओळखता येतात. रंगाचे म्हणाल, तर स्वच्छ पाण्यातही तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, म्हणून डब्यात लालभडक दिसणारे कृत्रिम आमिष खोलवर काळपट ठिपका होऊन बसते. या सगळ्या वाटांपैकी एकीवरूनही 'वर उभ्या असलेल्या माणसाचे यावर मन आहे' हा निरोप खाली जात नाही.

निरोप जातो तो आमिषाच्या चालीतून. रबरी किडा कसा चालवतात हे आपल्याला सांगायला नको: तो तळाला टेकू द्यायचा, दोरी जराशी ढिली ठेवायची, रॉडचे टोक वीतभर उचलून पुन्हा खाली सोडायचे, आणि मधला बहुतेक वेळ काहीही न करता थांबायचे. हे थांबणे ज्याला जमते त्यालाच या आमिषाने मासे मिळतात, आणि ज्याचा भरवसा नाही त्याला नेमके तेच जमत नाही. त्यातून या आमिषावरचे चावे अनेकदा हिसक्यासारखे येतच नाहीत. किडा बुडत असताना आपण मनात आकडे मोजत असतो, आठाला तळ लागायला हवा हे ठाऊक असते, आणि एखाद्या फेकीला पाचावरच दोरी ढिली पडते. किंवा दोरी पाण्यात जिथे शिरते तिथे ती बोटभर आडवी सरकते. मासा आमिष तोंडात ओढून घेतो आणि नको वाटले तर क्षणार्धात थुंकून टाकतो. ज्याला पुढचा चावा येणारच अशी खात्री असते त्याचे डोळे त्या दोरीवर असतात आणि तो हिसका देतो. ज्याला खात्री नसते तो समोरच्या काठावरचे झाड पाहत असतो आणि 'आज चावाच नाही' असे मनापासून सांगतो. आपल्या सोबत्याला त्या तासात एकही चावा आला नाही, की आलेले चावे त्याला कळले नाहीत, हे आपण दोघेही सांगू शकणार नाही.

आता स्पिनर. त्याचे पाते एका किमान वेगाखाली फिरतच नाही आणि फार वेगाने ओढला तर तो पृष्ठभागाकडे येतो. या दोहोंच्या मधला जो वेग आहे तो हाताला रॉडमधून येणाऱ्या बारीक थरथरीवरून कळतो. मला दाट शंका आहे की आपण तो 'एकदाचा संपवायचा' म्हणून ओढत होतात, आणि तसे असेल तर तो माशांच्या डोक्यावरून हातभर उंचावरून निघून जात होता.

हिशेबी

वरील उत्तर पटले, पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: भरवशाच्या आमिषाला जास्त मासे लागतात हे आपल्याला कळले कसे?

असे धरा की एका हंगामात आपण शंभर तास पाण्यावर होतो. त्यांपैकी 85 तास दोरीला आवडता किडा होता आणि त्यावर 17 मासे लागले. उरलेल्या 15 तासांत बाकीची सगळी आमिषे मिळून 3 मासे लागले. आठवण सांगते, सतरा विरुद्ध तीन. भागाकार सांगतो की दोन्हीकडे पाच तासांना एक मासा हाच दर आहे. आपण एखादे आमिष जास्त वेळ पाण्यात ठेवतो म्हणून त्यावर जास्त मासे लागतात, जास्त मासे लागतात म्हणून भरवसा वाढतो, आणि भरवसा वाढला की ते आणखी जास्त वेळ पाण्यात राहते. हे चाक एकदा फिरू लागले की त्याला बाहेरून कोणी ढकलावे लागत नाही.

बरे, हा दरसुद्धा निर्मळ नसतो. आवडते आमिष आपण पहाटे, चावा चालू असताना लावतो. बदलतो केव्हा, तर चावा थंडावल्यावर. म्हणजे नावडत्या आमिषांच्या वाट्याला मुळातच मेलेले तास येतात आणि वर त्यांच्या नावावर अपयश मांडले जाते. याच्या उलटही घडते. दुपारभर पाच आमिषे बदलून झाली, सहावे लावले आणि त्याच वेळी उन्हे कलली, मासे खायला निघाले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण ते सहावे आमिष मात्र जन्मभराचे लाडके झाले.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1948 साली कबुतरांवरचे एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते. भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठराविक अंतराने दाणे मिळत, मग ती काहीही करोत वा न करोत. आठांपैकी सहा कबुतरांनी त्या वेळी योगायोगाने जे काही चालले होते तेच पुन्हा पुन्हा करायला सुरुवात केली: एक स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागले, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोके खुपसू लागले. या निरीक्षणाच्या अर्थावरून पुढे वाद झाले आहेत, तरी आमिषाचा डबा उघडून बसलेल्या माणसाला त्या कबुतरांत स्वतःची ओळख पटायला हरकत नाही. मी स्वतः दोन हंगाम पहिल्या फेकीआधी रील तीनदा उलटे फिरवत असे. का, ते विचारू नका.

आमिष 'चालत नाही' असा निकाल आपण किती लवकर देतो तेही पाहावे. समजा, एका फेकीला मासा लागण्याची शक्यता 5 टक्के आहे, जी चांगलीच म्हणायची. तरीही सलग वीस फेकी कोऱ्या जाण्याची शक्यता सुमारे 36 टक्के येते, आणि साठ फेकी कोऱ्या जाण्याचीही जवळपास 5 टक्के उरते. वीस फेकींनंतर आमिष बदलणारा माणूस तीनांत एकदा उत्तम आमिषाला नापास करतो आहे. आणि 5 टक्क्यांचे आमिष 4 टक्क्यांच्या आमिषाहून सरस आहे हे खात्रीने ठरवायचे झाले तर दोन्हींच्या हजारो फेकी मोजाव्या लागतील, तेवढ्या एका हंगामात कोणाच्याच होत नाहीत. त्यामुळे आमिषांबद्दलची आपली बहुतेक ठाम मते ही मोजणीतून आलेली नसतात, हे मान्य करावे.

आपल्याला खरेच तपासायचे असेल तर नाणे उडवा. दर अर्ध्या तासाला छाप आला तर किडा, काटा आला तर स्पिनर, मनाला त्यात बोलू द्यायचे नाही. आणि वहीत मासे लिहिण्याआधी प्रत्येक आमिष किती वेळ पाण्यात होते ते लिहा.

ओलीदोरी

वही ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण मी ती कधी ठेवली नाही आणि आता ठेवणार नाही. चाळीस वर्षांत मला जे दिसले ते थोडक्यात लिहितो.

भरवसा आमिषावर ठेवण्याआधी जागेवर ठेवावा. जिथे मासाच नाही तिथे कोणतेही आमिष सारखेच. उन्हाळ्यात खोल आणि संथ पाण्याचे थर पडतात, वर उबदार आणि खाली गार, आणि खालच्या थरात प्राणवायू संपत आला की मासे तिथे राहत नाहीत. त्या थरात आपला लाडका किडा दिवसभर तळ खरवडत राहिला तरी त्याच्याकडे पाहायला कोणी नसते. मी असा पुष्कळ वेळ घालवला आहे, आणि तोही पूर्ण आत्मविश्वासाने.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट सांगतो. एका संध्याकाळी वारा पडला होता आणि पाण्यावर बारीक पंखांचे किडे उतरत होते. सगळीकडे गोल गोल तरंग उठत होते, मासे वर येऊन एकेक किडा टिपत होते, त्याचा चुटकीसारखा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मी मात्र जड शिसे लावून तळाशी बसलो होतो, कारण त्या डोहात मला तळाशीच मासे मिळाले होते. माझ्या डाव्या हाताला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा, त्याच्याकडे शिसे नव्हतेच, म्हणून त्याने नुसत्या गळाला एक नाकतोडा लावून तो पाण्यावर सोडला. अंधार पडेपर्यंत त्याने पाच मासे काढले. जाताना त्याने मला दोन नाकतोडे देऊ केले, तेव्हा मी 'नको बाळ, माझे बरे चालले आहे' असे म्हणालो. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा.

म्हणून माझा नेम असा आहे की आल्याबरोबर गळ टाकायचा नाही. दहा मिनिटे काठावर बसायचे, दगड उलटून पाहायचा, पाणी निवळ आहे की गढूळ, मासा वर आहे की खाली, हे बघायचे, आणि मग हात डब्यात घालायचा. डब्यातही तीनच वस्तू असाव्यात: एक वर चालणारी, एक मधल्या पाण्यातली, एक तळाची. चाळीस आमिषे असली की दर पाच मिनिटांनी मन चळते, आणि गाठ सोडून गाठ मारण्यात जो वेळ जातो त्या वेळात आमिष आपल्या हातात असते, पाण्यात नसते.

निवांतकाठ

तिघांचेही आभार. पार्श्वरेषा यांचा तर्क अगदी वर्मी लागला. सोबत्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की तो स्पिनर इतका सावकाश ओढतो की पाते फिरायचे थांबेल की काय अशी धास्ती वाटते, आणि मी तर त्याला जवळजवळ पळवत होतो. एक शंका मात्र उरली आहे. भरवशाने हात नीट चालतो आणि हात नीट चालल्याने मासे मिळतात हे मान्य केले, तर नव्या आमिषावर पहिला भरवसा यायचा कसा? मासे मिळाल्याशिवाय भरवसा नाही आणि भरवशाशिवाय मासे नाहीत, असे हे कोडे होऊन बसते.

ओलीदोरी

डबा घरी ठेवून जा. फक्त नवे आमिष खिशात घाला, आणि जिथे मासे हमखास खात असतात अशा जागी, त्यांच्या खाण्याच्या वेळी जा. दुसरे काही जवळच नसले की माणूस आहे त्याच्याशी जमवून घेतो. दोन-तीन मासे लागले की हात ती चाल शिकतो. आवडते आमिष न चालल्यावर शेवटचा उपाय म्हणून नवे लावणे ही त्याला शिकण्याची सर्वांत वाईट वेळ आहे.

हिशेबी

पण मग हा पुरावा पक्षपाती झाला. उत्तम जागी, उत्तम वेळी नव्या आमिषाला मासे लागले, यावरून ते आमिष चांगले आहे असे काहीच सिद्ध होत नाही.

ओलीदोरी

सिद्ध कोणाला करायचे आहे? त्यांनी पुरावा मागितला नाही, हाताला सवय कशी लावावी हे विचारले. एकदा हाताला चाल आली की मग आपली नाणी खुशाल उडवा. तेव्हा निदान दोन्ही आमिषे सारख्याच कौशल्याने ओढली जातील. आज किडा आणि स्पिनर यांची तुलना केली तर ती सहा वर्षांच्या सरावाची आणि अर्ध्या तासाच्या सरावाची तुलना होईल.

हिशेबी

हे मान्य. माझ्या नाण्याच्या चाचणीत ही उणीव होती आणि ती माझ्या लक्षात आली नव्हती.

गढूळपाणी

चर्चेत एक बाजू सुटते आहे, ती माशाची. आपण सगळे असे बोलतो आहोत की जणू आमिषाचा गुण कायम असतो आणि आपला भरवसा तेवढा कमी-जास्त होतो. मासाही शिकतो. नेदरलँड्समध्ये बेउकेमा या संशोधकाने 1970च्या सुमारास पाइक या शिकारी माशांवर गळाचे प्रयोग केले होते. स्पिनरने एकदा पकडून सोडलेले पाइक पुढे स्पिनरला फारसे फसेनात. जिवंत आमिषाच्या बाबतीत मात्र अशी टाळाटाळ दिसली नाही. त्यांच्याच कार्पवरच्या प्रयोगांत एकदा गळाला लागलेला मासा पुन्हा धरणे कितीतरी अवघड झालेले आढळले.

यातून आपल्या प्रश्नाला एक वेगळे वळण मिळते. ज्या पाण्यावर आपण नेहमी जातो आणि मासे पकडून सोडून देतो, तिथे आपले भरवशाचे आमिष म्हणजेच तिथल्या माशांच्या सर्वांत ओळखीचे आमिष असण्याचा संभव आहे. आपला भरवसा गेल्या वर्षीच्या माशांवर उभा असतो, आणि ज्या माशांनी तो दिला तेच आता आमिषापासून चार हात दूर राहतात. तपकिरी किड्याला अलीकडे पूर्वीइतके चावे येतात का, हे निवांतकाठ यांनी आठवून पाहावे. जिथे माशांवर फार गळ पडत नाहीत अशा पाण्यात हा मुद्दा लागू नाही, तिथे जुना किडा बिनधास्त वापरावा.

आणखी एक गोष्ट. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की 1915 ते 1918 या काळात पॅसिफिकमधल्या ट्रॉब्रियांड बेटांवर राहिले होते. तिथले लोक दोन प्रकारे मासेमारी करत. आतल्या खाजणात विष वापरून मासे धरणे सोपे, सुरक्षित आणि भरपूर मिळकतीचे होते, आणि त्यासाठी ते कसलेही मंत्रतंत्र करत नसत. उघड्या समुद्रावर जिवाला धोका होता आणि मासा मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती. तिथे मात्र मंत्रांची सगळी सरबराई असे. माझ्या मते आपले लाडके आमिष याच जातीचे आहे. तळ्यात मासे मुबलक असतात तेव्हा कोणी आमिषाच्या नशिबाची चर्चा करत नाही, गांडूळ लावतो आणि टाकतो. जिथे दिवसाकाठी एक चावा येतो अशा पाण्यावर माणसे तुटक्या शेपटीचा किडा जपून ठेवतात. त्याला मी हसत नाही, कारण दिवसभर थंडीत उभे राहायला काहीतरी आधार लागतोच, आणि उभे न राहिले तर तो एक चावाही येणार नाही.

पार्श्वरेषा

गढूळपाणी यांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. टाळायला शिकलेला मासा बहुधा आमिषाची आकृती, चाल आणि आवाज यांचा संच ओळखत असावा. म्हणून संपूर्ण नव्या आमिषाकडे उडी मारण्याआधी त्याच किड्याचे वजन बदलून पाहावे. शिसे निम्म्याने हलके केले की तो वेगळ्याच गतीने बुडतो. हाताचा सराव वाया जात नाही आणि माशाला मात्र ओळखीची गोष्ट अनोळखी वाटू शकते. थंड पाण्यात तर हे आवर्जून करावे, कारण माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर उतरते, त्याचे पचन मंदावते आणि पळत्या भक्ष्यामागे धावण्याची त्याची तयारी नसते.

निवांतकाठ

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. ओलीदोरी यांच्या सांगण्याप्रमाणे दोन वेळा फक्त स्पिनर घेऊन गेलो. पहिल्या दिवशी पाते फिरण्याची ती बारीक थरथर हाताला ओळखता येईपर्यंतच तास गेला, आणि ओळखता आल्यावर अर्ध्या तासात दोन मासे लागले. तिसऱ्या वेळी हिशेबी यांचे नाणे खिशात घेऊन गेलो. निकाल सांगण्याजोगा नाही: किड्याला दोन, स्पिनरला एक, आणि एवढ्यावरून काय म्हणायचे हे आता मलाही कळते.

मात्र त्या तिसऱ्या दिवशी स्पिनरवर चार चावे आले होते आणि त्यांपैकी तीन सुटले. प्रत्येक वेळी वजन जाणवायचे, रॉड वाकायची आणि क्षणात सगळे सैल. सुरुवातीला वाटले, हे आमिषच असे आहे, मन बसत नाही ते उगाच नाही. मग सोबत्याचे एक वाक्य आठवले की माशाला नाव ठेवण्याआधी गळ बघावा. हा स्पिनर माझा स्वतःचा, डब्यात तीन वर्षे पडून असलेला. त्याच्या तिहेरी गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढले, तर ते नखात अडकायच्या ऐवजी सरळ घसरून गेले. दुसरे टोकही तसेच, आणि तिसऱ्यावर गंजाचा ठिपका. त्याच वेळी किड्याचा गळ नखावर टेकवला तर तो जागेवरून हलेना, कारण तो मी दर दोन खेपांनी बदलतो. तीन वर्षांत मी या स्पिनरचा गळ एकदाही पाहिला नव्हता, आणि पाहिला नव्हता कारण माझा त्याच्यावर भरवसा नव्हता.

काल रात्री गळ बदलला. परवा पुन्हा जातो आहे.

पार्श्वरेषा

तिहेरी गळ बदललात ते छान झाले. नव्या गळाचा आकार जुन्याएवढाच आहे ना, तेवढे पाहा. जड गळाने लहान स्पिनरची चाल बिघडते आणि पाते उशिरा फिरू लागते. आणि तीन वर्षे डब्यात होता म्हणजे त्याच्या तारेला बाक आला असेल, ती डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का बघा.

ओलीदोरी

दोरीची शेवटची हातभर लांबीही कापून टाका आणि गाठ नव्याने मारा. सुटलेल्या तीन माशांनी ती नक्की खरवडली असेल.